तोकाईच्या विहिरीतला जुना चुंबक

२००८ साली जपानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तोकाई गावात एका गोल विहिरीत लोखंड उतरवण्याचं काम चाललं होतं. विहीर १७.५ मीटर रुंद आणि ३७ मीटर खोल. दहा मजली इमारत उभीच्या उभी गडप होईल एवढी. क्रेनच्या टोकाला लोंबकळत पोलादाचे अजस्र तुकडे एकेक करून खाली जात होते. प्रत्येकाचा आकार कंसासारखा; दोन कंस समोरासमोर ठेवले की मध्ये खोलीएवढी पोकळी राहावी असा. सगळ्यांचं मिळून वजन ८५० टन.

हे पोलाद जपानी नव्हतं आणि नवंही नव्हतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ते सुटं करून बोटीवर चढवलं गेलं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्नमध्ये प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन समोरासमोर आदळवले जात. ती टक्कर ज्या यंत्रांच्या पोटात होई त्यांतल्या एकाचं नाव यूए-१, आणि हा चुंबक त्याचा सांगाडा. १९८३ मध्ये तिथे डब्ल्यू आणि झेड हे कण दिसले, पुढच्याच वर्षी कार्लो रुबिया आणि सिमॉन व्हान डर मीर यांना नोबेल मिळालं. प्रयोग संपला, चुंबक उरला. १९९० च्या दशकात नोमॅड नावाच्या न्यूट्रिनो प्रयोगाने तो मागून घेतला. नोमॅड म्हणजे भटक्या. हे नाव प्रयोगापेक्षा चुंबकालाच जास्त शोभलं. १९९८ मध्ये नोमॅडही आटोपला, आणि चुंबकाचा तिसरा संसार तोकाईत मांडला गेला.

तिथे त्याच्यावर सोपवलेलं काम ऐकायला किरकोळ वाटेल: २९५ किलोमीटर दूर जाणाऱ्या मालाचं निघतानाचं माप घ्यायचं.

शेतकरी घरून पोती तोलून निघतो. बाजार समितीत पोचल्यावर पुन्हा तोलतो. तिथे माल कमी भरला, तर पोतं वाटेत गळालं की कुणी काटा मारला, हे ठरवायला घरचं वजन पक्कं असावं लागतं. न्यूट्रिनोच्या प्रयोगात घरचा काटा म्हणजे जवळचा डिटेक्टर आणि बाजारातला काटा म्हणजे दूरचा डिटेक्टर. अडचण अशी, की हा माल दिसत नाही, धरता येत नाही, आणि काट्यावर ठेवला तरी बहुतेक वेळा काटा हलतच नाही.

न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, वस्तुमान जवळपास नाही, आणि बाकीच्या जगाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. तो पृथ्वीतून आरपार जातो. त्याच्या तीन जाती आहेत: इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो, म्यूऑन न्यूट्रिनो आणि टाऊ न्यूट्रिनो. १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेव्हनला लिऑन लेडरमन, मेल्विन श्वार्ट्झ आणि जॅक स्टाइनबर्गर यांनी अ‍ॅक्सिलरेटरमधून न्यूट्रिनोंचा पहिला झोत काढला आणि म्यूऑन न्यूट्रिनो ही निराळी जात असल्याचं दाखवलं. झोतातले नको ते कण अडवायला त्यांनी मोडीत काढलेल्या युद्धनौकेच्या पोलादी पत्र्यांची भिंत रचली होती. जुनं लोखंड आणि न्यूट्रिनो यांची सोबत तेव्हापासूनची.

झोत काढण्याची रीत आजही तीच आहे. वेगवान प्रोटॉन एका लक्ष्यावर आदळवायचे, त्यातून पायॉन नावाचे कण उडतात, विद्युतचुंबकीय शिंगांनी ते एका दिशेला वळवायचे आणि लांब बोगद्यात सोडायचे. धावता धावता पायॉनचा क्षय होतो आणि त्यातून न्यूट्रिनो निघतात. किती निघाले, किती ऊर्जेचे निघाले, याचं गणित मांडता येतं. पण पायॉन नेमके किती उडाले इथेच दहा-वीस टक्क्यांची चूक सहज होते. म्हणून मोजणं आलं.

निसर्गातल्या न्यूट्रिनोंच्या बाबतीत ही सोय नव्हती. विश्वकिरण वातावरणावर आदळतात तेव्हाही न्यूट्रिनो जन्मतात. १९६५ मध्ये कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका आणि डरहॅम इथल्या गटांबरोबर अशा न्यूट्रिनोंच्या खुणा पकडल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गटही त्याच सुमारास त्याच शोधात होता. वातावरणातल्या न्यूट्रिनोंचा उगम म्हणजे सगळं आभाळ. त्याच्या दारात काटा कुठे मांडणार?

१९९८ च्या जूनमध्ये ताकायामा इथल्या परिषदेत ताकाआकी काजिता यांनी सुपर-कामिओकांडे या डिटेक्टरची मोजणी मांडली. डोंगराखाली एक हजार मीटरवर ५० हजार टन शुद्ध पाण्याची टाकी, तिच्या भिंतींवर ११ हजारांहून अधिक प्रकाशनळ्या. डोक्यावरच्या आभाळातून येणारे म्यूऑन न्यूट्रिनो अपेक्षेएवढे होते. पृथ्वीच्या पलीकडून, पोटातून येणारे बरेच कमी. वाटेत त्यांनी जात बदलली होती. या शोधाने न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचं सिद्ध केलं आणि काजितांना २०१५ चं नोबेल मिळवून दिलं. वरून येणाऱ्या न्यूट्रिनोंनी तिथे घरच्या काट्याचं काम भागवलं होतं. पण असं जात बदलणं बारकाईने मोजायचं, तर झोत स्वतःच्या हातातला हवा आणि निघतानाचं माप स्वतः घेतलेलं हवं.

ते पहिल्यांदा केलं के-टू-के या प्रयोगाने. कोइचिरो निशिकावा यांच्या नेतृत्वाखाली १९९९ मध्ये त्सुकुबा इथल्या केईके प्रयोगशाळेतून २५० किलोमीटरवरच्या कामिओकाकडे, म्हणजे सुपर-कामिओकांडेकडे, न्यूट्रिनो धाडायला सुरुवात झाली. झोताच्या उगमापासून ३०० मीटरवर जवळचा डिटेक्टर होता, आणि त्याचा मुख्य भाग म्हणजे सुपर-कामिओकांडेचीच लहान प्रत: एक हजार टन पाणी आणि तशाच ६८० प्रकाशनळ्या. युक्तिवाद सरळ होता. दोन्हीकडे पाणी तेच, नळ्या त्याच, मोजायची रीतही तीच. काट्यात काही खोट असली तरी दोन्ही काट्यांत सारखीच असणार, आणि भागाकार केला की ती निघून जाणार.

जुळ्या काट्यांची ही कल्पना लोकप्रिय झाली. शिकागोजवळच्या फर्मीलॅबने मिनॉस प्रयोगात तीच वापरली: लोखंडाचे पत्रे आणि मध्ये प्लास्टिकच्या चमकपट्ट्या, जवळ ९८० टनांचा डिटेक्टर, ७३५ किलोमीटरवर मिनेसोटातल्या खाणीत ५,४०० टनांचा.

के-टू-केच्या अंगणात मात्र हजार टनांच्या टाकीशेजारी आणखी काही बारीक नजरेची यंत्रंही उभी केलेली होती. एकात प्रकाशतंतूंच्या थरांमध्ये पाणी होतं. नोव्हेंबर २००१ मध्ये सुपर-कामिओकांडेमधली एक नळी फुटली आणि तिच्या धक्क्याने निम्म्याहून जास्त नळ्यांचा चुरा झाला. डिटेक्टर पुन्हा उभा राहीपर्यंत झोत बंद राहिला. प्रयोग परत सुरू झाला त्या २००३ सालीच जवळच्या अंगणात सायबार नावाचं नवं यंत्र बसलं: १४,८४८ प्लास्टिकच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत एक प्रकाशतंतू.

या बारीक नजरेच्या यंत्रांनी एक कटकट उकरून काढली. न्यूट्रिनो पाण्यातल्या किंवा प्लास्टिकमधल्या अणुकेंद्रावर आदळला की म्यूऑन नावाचा कण बाहेर पडतो. सरळ पुढच्या दिशेने जाणारे म्यूऑन संगणकाने जेवढे सांगितले होते त्यापेक्षा कमी दिसत होते. आधी संशय आला तो यंत्रावर. मग झोतावर. शेवटी बोट गेलं ते तिसऱ्याच ठिकाणी: न्यूट्रिनो अणुकेंद्रावर आदळतो तेव्हा नक्की काय होतं, याची माहितीच अपुरी होती. हाताशी जे आकडे होते त्यांतले बरेचसे १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या बुडबुडा-कोठड्यांमधले, आणि महत्त्वाचे काही तर हायड्रोजन किंवा ड्यूटेरियमवर मोजलेले. ऑक्सिजन-कार्बनसारख्या भरलेल्या घरात काय गोंधळ होतो, ते त्या रिकाम्या घरांतून कळणार नव्हतं. डिसेंबर २००१ मध्ये केईकेतच न्यूइंट ही परिषदमालिका सुरू झाली. कमी ऊर्जेच्या न्यूट्रिनोंची अणुकेंद्राशी होणारी आंतरक्रिया, एवढा एकच तिचा विषय.

के-टू-केचा निकाल तरीही खणखणीत लागला. न्यूट्रिनोंनी जात बदलली नसती, तर सुपर-कामिओकांडेला सुमारे १५८ घटना दिसायला हव्या होत्या. दिसल्या ११२. एवढी मोठी तूट मोजायला साधा काटा पुरला. पुढची मोजणी तोळ्या-माशाची होती.

ती मोजणी म्हणजे टी-टू-के, तोकाई ते कामिओका. २००१ मध्ये तिचा पहिला सविस्तर आराखडा प्रसिद्ध झाला. तोकाईत जे-पार्क हा नवा, कितीतरी पट ताकदवान अ‍ॅक्सिलरेटर उभा राहणार होता. शोधायचं होतं ते म्यूऑन न्यूट्रिनोचं इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोमध्ये होणारं रूपांतर, तेव्हा कुणालाच न दिसलेलं आणि असलंच तर अगदी विरळ. त्यासाठी झोत मुद्दाम अडीच अंश बाजूला रोखायचं ठरलं. नेम जरा चुकवला की झोतातले न्यूट्रिनो कमी होतात, पण उरतात ते जवळपास एकाच ऊर्जेचे, ०.६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे. २९५ किलोमीटरच्या प्रवासात जात बदलायला नेमकी हीच ऊर्जा सोयीची.

जवळचा डिटेक्टर कुठे आणि कसला, यावर मात्र बराच खल झाला. उगमापासून २८० मीटरवर जागा होती. तिथे पुन्हा हजार टनांची टाकी बांधणं अशक्य होतं. झोत एवढा दाट, की एकाच झटक्यात टाकीत अनेक न्यूट्रिनो आदळले असते आणि त्यांच्या प्रकाशाची कडी एकमेकांत मिसळून गेली असती. शिवाय एवढ्या जवळून पाहिलं की उगम एक बिंदू राहत नाही. पायॉनचा क्षय ज्या बोगद्यात होतो तो ९६ मीटर लांब. २९५ किलोमीटरवरून तो ठिपका. २८० मीटरवरून लांबलचक रेघ. म्हणजे घरच्या काट्यावर चढणारा माल आणि बाजारात पोचणारा माल मुळातच थोडा वेगळा.

म्हणून काहींनी दोन किलोमीटरवर दुसरा डिटेक्टर मांडायचा प्रस्ताव ठेवला: हजार टन पाणी, जोडीला शंभर टन द्रवरूप अरगॉन. तिथून उगम पुरेसा लहान दिसतो आणि झोत टाकीला झेपेल इतका विरळ झालेला असतो. भौतिकी म्हणून प्रस्ताव उत्तम होता. तो कागदावरच राहिला.

उरलं २८० मीटरचं ठिकाण. तेच नावात आलं, एनडी-२८०. टाकी नको म्हटल्यावर रचनाच उलटी झाली. दूरच्या काट्याची नक्कल करण्याऐवजी आंतरक्रिया जवळून पाहायची, निघालेल्या प्रत्येक कणाचा माग काढायचा असं ठरलं. माग काढायचा तर चुंबक हवा. चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कणाची वाट वळते; किती वळली यावरून संवेग कळतो, कुठल्या बाजूला वळली यावरून भार धन की ऋण ते कळतं. एवढा मोठा चुंबक नव्याने बांधायचा म्हणजे पैसा आणि वर्षं दोन्ही जाणार. आणि सर्नमध्ये तर एक पडून होता.

घर आधी मिळालं आणि सामान त्याच्या मापाने बेतलं गेलं. चुंबकाच्या आतली पोकळी ७ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच. त्यात साडेसहा मीटर लांबीची पोलादी टोपली बसवायची आणि सगळी नाजूक यंत्रं त्या टोपलीत. यूए-१ मध्ये या चुंबकाचं क्षेत्र ०.७ टेस्ला होतं, नोमॅडमध्ये ०.४, तोकाईत ०.२ टेस्ला पुरेसं होतं, कारण इथले म्यूऑन संथ आणि त्यांना वळवायला फार जोर लागत नाही. तेवढ्यासाठीही अ‍ॅल्युमिनियमच्या वेटोळ्यांतून २,९०० अँपिअर वीज खेळवावी लागते आणि ती थंड ठेवायला आतून पाणी फिरवावं लागतं.

टोपलीतला प्रत्येक डबा कुठल्या ना कुठल्या जुन्या शंकेचं उत्तर होता. सर्वांत पुढे पाय-शून्य कण मोजणारं यंत्र, कारण तोच कण दूरच्या टाकीत इलेक्ट्रॉनचं सोंग घेतो. त्यामागे वायूने भरलेल्या तीन कोठड्या, संवेग मोजणाऱ्या. त्यांच्या मधल्या दोन फटींत बारीक पट्ट्यांचे दोन डिटेक्टर, एफजीडी नावाचे. पट्टी एक सेंटिमीटरहूनही किंचित बारीक. न्यूट्रिनोने आदळायचं ते याच पट्ट्यांवर.

पण पट्ट्या प्लास्टिकच्या, म्हणजे कार्बनच्या. आणि दूरची टाकी पाण्याची, म्हणजे ऑक्सिजनची. घरी ज्वारी तोलून बाजारात गहू तोलल्यासारखं झालं असतं. उपाय म्हणून दुसऱ्या एफजीडीत पट्ट्यांच्या थरांमध्ये अडीच सेंटिमीटर जाडीचे पाण्याचे सहा थर घातले. दोन्ही एफजीडींतला फरक काढला की पाण्याचा वाटा हाती येतो. आता पाणी आणि इलेक्ट्रॉनिक्स शेजारी शेजारी ठेवायचं म्हणजे गळतीची धास्ती. कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत जुळवलेल्या या यंत्रातलं पाणी पंपाने बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाखाली ठेवलं जातं. कुठे चीर गेलीच, तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत खेचली जाते. छोटीशी युक्ती, पण एका थेंबाने होणारं कोट्यवधींचं नुकसान टळावं अशी.

प्रकाश टिपण्याचाही प्रश्न होता. दूरच्या टाकीतल्या प्रकाशनळ्या अर्ध्या मीटर व्यासाच्या आणि चुंबकीय क्षेत्रात त्या बावचळतात. तोकाईत त्यांच्या जागी आल्या सिलिकॉनच्या चकत्या, १.३ मिलिमीटर चौरस, प्रत्येकीत ६६७ कप्पे. गंमत म्हणजे त्या महाकाय नळ्या आणि या तिळाएवढ्या चकत्या एकाच जपानी कंपनीच्या, हामामात्सुच्या. टी-टू-केसाठी अशा ६४ हजार चकत्या बनल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर त्या तोवर कुणी वापरल्या नव्हत्या.

विहिरीतच झोताच्या नेमक्या रेषेवर आणखी एक यंत्र बसलं, इनग्रिड: लोखंड आणि पट्ट्यांचे १४ ठोकळे, अधिकच्या चिन्हात मांडलेले, दहा मीटर रुंद आणि दहा मीटर उंच. झोताचा मध्य कुठे आहे हे ते दहा सेंटिमीटरच्या आत सांगतं. ही अचूकता हवीच होती. झोताचा कोन एक मिलिरेडियनने, म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर एवढाच जरी ढळला, तरी न्यूट्रिनोंची ऊर्जा दोन-तीन टक्क्यांनी सरकते.

सर्नमध्ये हा चुंबक बांधला तेव्हा भूकंपाचा विचार फारसा कुणाला शिवला नसणार. जपानच्या नियमांना तो पुरा पडायला हवा होता. ८५० टनांचा सांगाडा चाकांच्या गाड्यांवर उभा. दुरुस्तीसाठी दोन्ही अर्धी कवाडासारखी बाजूला सरकतात. धक्क्यात त्याचं काय होईल हे संगणकावर तपासलं गेलं आणि गाड्यांना जादा आधार जोडले गेले.

नोव्हेंबर २००९ मध्ये इनग्रिडला पहिला न्यूट्रिनो दिसला. २४ फेब्रुवारी २०१० ला तोकाईतून निघालेल्या न्यूट्रिनोची पहिली खूण सुपर-कामिओकांडेत उमटली. आणि ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनला पूर्व जपान हादरला. तोकाई त्याच किनाऱ्यावर. जे-पार्कमधले रस्ते खचले, इमारतींभोवतीची जमीन बसली, अ‍ॅक्सिलरेटर बंद पडला. विहिरीतला चुंबक मात्र मोठी इजा न होता उभा राहिला.

झोत थांबलेला असतानाच, त्या दिवसापर्यंत साठलेली मोजणी घेऊन चमू बसला. १५ जूनला निकाल जाहीर झाला: इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोच्या सहा घटना. रूपांतर नसतं, तर दीड दिसायला हवी होती. पुरावा पुरेसा नव्हता, पण दार किलकिलं झालं होतं. वर्षाअखेरीस अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा सुरू झाला. जुलै २०१३ मध्ये सहाच्या अठ्ठावीस झाल्या होत्या. अपेक्षा होती पाचाहून कमी. आता शंकेला जागा उरली नाही.

त्या अठ्ठावीसमागे विहिरीतलं काम होतं. जवळच्या डिटेक्टरची मोजणी वगळली, तर दूरच्या टाकीत किती घटना दिसायला हव्यात या अंदाजात सुमारे २७ टक्क्यांची अनिश्चितता होती. एनडी-२८० ची मोजणी जमेस धरल्यावर ती सुमारे नऊ टक्क्यांवर आली.

खाली उरलेले काही टक्के हट्टी निघाले आणि त्यांचं मूळ पुन्हा अणुकेंद्रातच होतं. न्यूट्रिनोची ऊर्जा थेट कळत नाही. बाहेर पडलेल्या म्यूऑनचा संवेग आणि कोन पाहून ती मागे काढायची, आणि ते करताना गृहीत धरायचं, की न्यूट्रिनो एकाच न्यूट्रॉनवर आदळला. फर्मीलॅबच्या मिनीबून प्रयोगाला या हिशेबात न बसणाऱ्या जादा घटना दिसल्या. २००९ मध्ये मार्को मार्टिनी, माग्दा एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की न्यूट्रिनो कित्येकदा एकमेकांना बिलगलेल्या दोन कणांना एकदम धक्का देतो. कॅरमचं उदाहरण घ्या. स्ट्रायकरने दोन सोंगट्या उडवल्या, पण तुम्हाला एकच दिसली, तर मारणाऱ्याने जोर किती लावला होता याचा अंदाज हमखास कमी येतो. ऊर्जेचा अंदाज चुकला की जात बदलण्याचं गणितही चुकतं, आणि दोन्ही काटे जुळे असले तरी ही चूक भागाकारात निघून जात नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये टी-टू-केचा निबंध 'नेचर'मध्ये आला. इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोच्या ९० घटना आणि प्रति-न्यूट्रिनोच्या १५. द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच वागत नसावेत, असा कल त्यात दिसत होता. विश्वात द्रव्य का शिल्लक राहिलं या कोड्याशी या कलाचं नातं असू शकतं, त्यामुळे त्यावर शिक्का मारण्याआधी उरलेले टक्के झाडून काढणं भाग होतं.

एनडी-२८० च्या दोन उणिवा तोवर ध्यानात आल्या होत्या. पुढच्या दिशेने जाणारे म्यूऑन त्याला छान दिसत; आडवे किंवा मागे जाणारे हातचे सुटत. दूरची टाकी तर चहूबाजूंना सारखीच पाहते. दुसरं, संथ प्रोटॉन पट्टीतच विरून जात, म्हणजे दुसरी सोंगटी दिसतच नसे. यावरचं उत्तर ठरलं सुपर-एफजीडी: पट्ट्यांऐवजी एक सेंटिमीटरचे प्लास्टिकचे घन, लांबीत १९२, रुंदीत १८२, उंचीत ५६. एकूण साडेएकोणीस लाखांहून जास्त. प्रत्येक घनाला तीन दिशांनी दीड मिलिमीटरची भोकं, प्रत्येक भोकातून एक मिलिमीटरचा प्रकाशतंतू.

एवढी भोकं एका रेषेत आणायची कशी? नाजूक तंतू आधी घातले तर तुटणार. शेवटी कामी आला मासे धरण्याच्या गळाचा नायलॉनचा दोर. मणी ओवावे तसे घन दोरात ओवले, माळा शेजारी शेजारी लावून एकेक थर विणला, आणि सगळा ठोकळा दोरांवर बसल्यावर एकेक दोर ओढून त्या जागी तंतू सरकवला. तंतू ५५ हजारांच्या वर होते. पाय-शून्य मोजणारं यंत्र हलवून मोकळ्या झालेल्या जागेत ऑक्टोबर २०२३ मध्ये हा ठोकळा विहिरीत उतरला. त्याच्या वर-खाली आडव्या कणांसाठी दोन नव्या वायू-कोठड्या आल्या. २०२४ च्या मे महिन्यात जुळणी पुरी झाली, आणि जूनमध्ये झोताची ताकद ८०० किलोवॅटपर्यंत गेली.

दोन किलोमीटरवरचा तो अडगळीत पडलेला प्रस्तावही दुसऱ्या रूपाने परत आला आहे. कामिओकात आता हायपर-कामिओकांडे उभा राहतोय, २ लाख ६० हजार टनांच्या आसपास पाण्याचा, आणि त्याच्यासाठी तोकाईजवळ एक मधला डिटेक्टर आखला आहे. पाण्याची टाकीच, पण खोल विवरात वर-खाली सरकणारी. टाकी सरकली की झोताशी होणारा कोन बदलतो, कोन बदलला की ऊर्जा बदलते, आणि निरनिराळ्या ऊर्जांना अणुकेंद्र कसं वागतं ते एकाच यंत्रात मोजता येतं. अमेरिकेत ड्यून प्रयोगानेही जवळचा डिटेक्टर आडवा सरकवण्याचं ठरवलंय. त्याच्या शेजारी झोताच्या रेषेवर जे यंत्र कायम बसणार आहे, त्याचा चुंबक इटलीतल्या फ्रास्काटीहून येणार आहे. तिथल्या क्लोई प्रयोगातून निवृत्त झालेला.

तोकाईच्या विहिरीतला चुंबक मात्र निवृत्त होत नाही. हायपर-कामिओकांडेच्या आराखड्यातही एनडी-२८० जागच्या जागी आहे, आणि त्याचा सांगाडा तोच, यूए-१ चा.